झाडापर्यंत सगळं स्पष्ट

ती. मावशीस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिलाय, त्यावर जाऊ नकोस. प्रत्यक्षात माझी कंबर धरली आहे आणि सध्या आठातली फार तर पाच अंगं जमिनीला टेकतात. ती का धरली ते पुढे येईलच, कारण हे पत्र त्याच भानगडीबद्दल आहे.) तुझी तब्येत कशी आहे? हे पत्रात विचारायची पद्धत असते म्हणून विचारलेलं नाही. खरंच विचारतोय आणि उत्तर हवं आहे. लाँड्रीवाला सांगत होता की तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली की अजून आहे हे त्याला नक्की ठाऊक नाही, कारण कपडे देताना तो म्हणे माणसांकडे बघत नाही, कपडे मोजतो. डोळा कुठला हेही त्याला धड सांगता येईना. आधी स्वतःचा उजवा दाखवला, मग म्हणाला, पण त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, म्हणजे डावा. मग खात्री करायला स्वतः वळून उभा राहिला आणि पुन्हा उजव्यावर आला. मी शाळेत भूगोल शिकवतो, दिशांचं मला कळतं असा शाळेचा समज आहे, पण मीही त्याच्याबरोबर गोल फिरून घोटाळ्यात पडलो. तेव्हा हे वाचताना डोळ्यावर ताण येत असेल तर थांबत थांबत वाच. घाई नाही. (म्हणजे आहे, पण ती शेवटी सांगतो.)

तू म्हणशील, रस्त्यापलीकडच्या मावशीला पत्र कसलं लिहितोस, ये की उठून. आलो असतो. मागच्या वेळी आलो तेव्हा तू दारातच विचारलंस, ताईला सांगून आलास का, आणि मी नाही म्हणून मान हलवल्यावर पाणी पाजून परत पाठवलंस. इकडे आईचं म्हणणं असं की समोरच्या घरी जायचं तर खुशाल जा, पण मग कायमचं जेवायला तिकडेच जात जा. दोन मुलांचा बाप आहे मी, वर्गात साठ पोरं माझ्या नुसत्या खाकरण्याने गप्प होतात, पण तुम्हा दोघी बहिणींपुढे माझी अवस्था दोन्हीकडून ओढलेल्या चादरीसारखी होते. म्हणून हे पत्र आमच्या उशीच्या अभ्र्यात घालून तुझ्या इस्त्रीच्या कपड्यांतून पाठवतोय. लाँड्रीवाल्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही. विचारू नकोस, तो मोजण्यात चुकेल.

तर भानगड अशी. काही आठवड्यांपूर्वी आईला एकाएकी पक्षी आवडायला लागले.

तू हसशील, कारण आईचं आणि पक्ष्यांचं आजवर कसं होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोरीवरच्या कपड्यांवर एखादा येऊन बसला तर ही लाटणं घेऊन धावायची. पण त्या दिवशी बाल्कनीत चहा घेता घेता म्हणाली की रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर ते झाड आहे ना, बाकामागचं, त्यावर फार सुंदर पक्षी येतात आणि उतारवयात माणसाला काहीतरी छंद हवा. कुठले पक्षी, असं मी विचारलं. ते तपकिरी, म्हणाली. मग आणखी कुठले, तर म्हणाली, तेही तपकिरीच, पण वेगळे. आणि मग ती कपाटापाशी गेली आणि तिने लोकरीच्या तीन मोज्यांतून आजोबांच्या फोटो स्टुडिओतल्या तीन लेन्स बाहेर काढल्या, एक रुंद बघणारी, एक मधली आणि एक लांबचं बघणारी, हातभर जड. आता मला यांना मागे लावायला एक नवी बॉडी आणून दे, बिनलेन्सचा नुसता कॅमेरा, म्हणाली, डिजिटल. (डिजिटल हा शब्द तिने अशा थाटात उच्चारला की माझी बायको गॅस बंद करून बाहेर आली.) लाँड्रीवाल्याने तुझ्या डोळ्याची बातमी आणली ती त्याच आठवड्यात. तू तेव्हापासून बाल्कनीत दिसली नव्हतीस. मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. तू आत्ता जोडल्या असशील, माझ्या बायकोने तर बसल्या जागी जोडल्या होत्या, पण ती मला काही बोलली नाही. नवऱ्याला स्वतःहून समजायची संधी द्यावी असं तिचं मत आहे, आणि ती संधी ती फार लांबवते.

मी सरळ म्हटलं, दुर्बीण घेऊ. तर म्हणाली, दुर्बीण लावून बघतात ती चांभारचौकशा करणारी माणसं, कॅमेरा लावून बघतात ते कलावंत. बरं, मोबाइलमधून बघ, म्हटलं, बोटांनी चित्र मोठं होतं. तिने बघितलं. लांबचं मोठं केल्यावर त्याची खिचडी झाली. आणि मुळात बाबांच्या काचेतून बघितलेलंच मला खरं वाटतं, असं म्हणून तिने विषय संपवला. यापुढे माझं काही चालण्यासारखं नव्हतं.

आता लेन्स इथे आहेत तर त्यांची मूळ बॉडी कुठे आहे, हा प्रश्न कुणीही विचारेल. दुकानदाराने विचारला, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी विचारलेला मी घरी येऊन आईपुढे ठेवला, आणि दोन्ही वेळा आई छताकडे बघत राहिली. मी तुला काय सांगू, ती तुझ्याच कपाटात आहे. आजोबा गेल्यावर स्टुडिओ आवरताना तुम्ही दोघींनी पडदे वाटून घेतले, स्टुलं वाटून घेतली, दिवे वाटले, सगळं कसं गुण्यागोविंदाने झालं, आणि कॅमेऱ्यापाशी येऊन अडलं. आई म्हणे, फोटो मी काढत होते. तू म्हणे, लोक हसत होते ते मी शेजारी उभी राहून हसवत होते म्हणून, नाहीतर तुझ्यासमोर सगळे पासपोर्टसाठी बसल्यासारखे बसायचे. (हे खरंच आहे. त्या काळातल्या गावभरच्या फोटोंत सगळी माणसं लेन्सच्या जरा बाजूला बघताना दिसतात. तिथे तू उभी असायचीस.) शेवटी वकीलकाकांनी तोडगा काढला की राग शांत होईपर्यंत लेन्स एकीकडे राहू दे आणि बॉडी दुसरीकडे, ही तात्पुरती व्यवस्था आहे. मग वकीलकाका वारले आणि तात्पुरती व्यवस्था मोडायचा अधिकार कुणाकडेच उरला नाही. तेव्हापासून तुझ्याकडे डोळे नसलेला कॅमेरा आहे आणि आमच्याकडे नुसते डोळे. आणि आईच्या तोंडी तुझं नाव नाही. 'समोरची' म्हणते. समोरचीकडे आज पडदे धुतले. समोरचीचा दिवा लवकर गेला. बोलत नाही, पण तुझ्या घरातला दिवा कधी लागतो आणि कधी जातो हे तिला आमच्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

बॉडी निवडायची म्हणजे काय असतं याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं, बॉडी म्हणजे बॉडी. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर यातले जाणकार समजले जातात, कारण त्यांच्या गळ्यात सहलीला कॅमेरा असतो. त्यांना मधल्या सुट्टीत विचारलं आणि ती सुट्टी संपली तरी त्यांचं उत्तर संपलं नव्हतं. सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी असतो तो, मोठा घ्या, कारण लहान सेन्सर चित्राच्या कडा खातो. पण लांबचं बघायचं असेल तर लहान घ्या, कारण कडा खाल्ल्यावर उरलेलं मोठं वाटतं. हात थरथरला तर आतलं काहीतरी उलटं थरथरून ती भरपाई करतं, तो प्रकार असलेला घ्या. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी काहीच बोलत नाही, तेव्हा लेन्स लावलेली नसली तरी चालू राहा असं कॅमेऱ्याला आधी समजावून सांगावं लागतं. मी हे सगळं जमेल तसं आईला सांगितलं. ती म्हणाली, माझा हात थरथरत नाही, आणि कडा खाणारं काही मला घरात नको. बाकी एकमेकांशी न बोलता काम करता येतं, त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असं तिने विचारलं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार टाय लावलेला, मऊ बोलणारा गृहस्थ होता आणि त्याने आईला लगेच खुर्ची दिली, तिथेच तो अर्धी लढाई जिंकला असं मला वाटलं. त्याने लेन्सचे आटे बघितले, वा म्हणाला, आणि एक ड्रॉवर उघडला. त्यात नुसती कडी होती, लहानमोठी, चकचकीत, काळी, शेकड्यांनी. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवायला मध्ये असं एक कडं लागतं. आईने त्यातलं एक हातात घालून बघितलं आणि म्हणाली, आपण बांगड्या भरायला आलोय का. बायको पाठ वळवून बॅटऱ्यांच्या किमती वाचायला लागली.

दुकानदाराचं म्हणणं होतं की जुन्या लेन्सना बिनआरशाचा कॅमेरा उत्तम, त्याच्यावर जगातली कुठलीही लेन्स बसते. त्याने मधली लेन्स त्यावर चढवली आणि आईच्या डोळ्याला लावली. आईने बघितलं आणि काळजीने विचारलं, तुम्हाला ताप आहे का. त्याच्या नाकाच्या कडा लाल दिसत होत्या. त्याने समजावलं की फोकस जिथे लागतो तिथे कॅमेरा कडा लाल करून दाखवतो, सोय आहे ती. आई म्हणाली, म्हणजे हे मी तुम्हाला बघत नाहीये, तुमचं चित्र बघत्येय. तो म्हणाला, तसंच म्हणायचं, आत एक छोटा टीव्ही असतो. आणि हे सांगताना त्याचा अंगठा बटणावर पडून कॅमेरा बंद झाला. सगळा काळोख. आईने डोळा काढून घेतला, लेन्सकडे बघितलं, लेन्स जागेवर होती. बटण बंद केलं की आंधळा होणारा कॅमेरा मला नको, म्हणाली. मला खरं दिसायला हवं, चित्र नको. माझं त्या वेळी सगळं लक्ष टाकीच्या पाण्याची वेळ झाली याकडे होतं, नाहीतर पक्षी बघणाऱ्या बाईला खरंखोटं इतकं कशाला लागतं असं मी तिथेच विचारलं असतं.

मग त्याने आरशाचा कॅमेरा काढला. तो बंद असला तरी त्यातून दिसतं, कारण आत खरा आरसा आणि खरी काच. आईचा चेहरा खुलला. लेन्स कड्यासकट अशी गोड बसली की जणू दोन्ही एकाच कारखान्यातली. दुकानदाराने मात्र ते बघून पुन्हा तो कड्यांचा ड्रॉवर ओढला. म्हणाला, या बॉडीसाठी कडी दोन तऱ्हेची येतात, एक नुसतं आणि एक आत काचेचा तुकडा असलेलं, तुम्ही काचेचं घ्या. बाबांच्या काचेत मी दुसऱ्या कुणाची काच मिसळणार नाही, आई म्हणाली. तो म्हणाला, पण बाई, नुसत्या कड्याने काय होतं की दूरचं...

"दूरचं आम्ही बघून घेऊ," आई म्हणाली.

मावशी, तिथे मी मध्ये पडायला हवं होतं. पण तिने ते अशा आवाजात म्हटलं की दुकानदाराने पावती करायला घेतली. (तिचा तो आवाज तुला माहीत आहे.) आणि खरं सांगायचं तर मला खरोखर वाटलं की जमलं. दुकानात काउंटरवरचं कॅलेंडर स्वच्छ दिसत होतं, दुकानदाराच्या मिशीतला केस न् केस मोजता येत होता, यापेक्षा जास्त कॅमेऱ्याने काय करायचं.

घरी आलो. लांबची लेन्स लावली, बाल्कनीत उभं राहून झाडावर रोखली, आणि काय सांगू तुला, झाडावरचा तो तपकिरी पक्षी असा दिसला की त्याची पापणी दिसत होती. पक्ष्यांना पापण्या असतात हे मला पहिल्यांदा कळलं. मी खटाखट फोटो काढले, आईला दाखवले आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. आईने एक बघितला, दुसरा बघितला आणि म्हणाली, कॅमेरा बिघडलेला आहे, परत कर. मी म्हटलं, अगं, पापणी दिसत्येय. ती म्हणाली, पापणी दिसेल नाहीतर काय, इतक्या जवळ आहे ती.

इथून पुढे मला काही समजेनासं झालं. पक्षी हवेत, पक्षी मिळाले, पापणीसकट मिळाले, आणि बाई फुगून बसली. मला वाटलं पक्षी चुकला असेल, दुसरा काढला. मग फांदीवरचं घरटं काढलं, बाकाखाली झोपलेलं मांजर काढलं, बाकाच्या पाठीवर कुणीतरी खिळ्याने कोरलेला बदाम काढला, सगळं लख्ख. आई कॅमेरा घ्यायची, डोळ्याला लावायची, लेन्स फिरवत फिरवत शेवटपर्यंत न्यायची आणि च्च करून माझ्या हातात द्यायची. शेवटी माझ्या लक्षात आलं की झाडापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं आणि झाडाच्या पलीकडे नुसतं दूध. तुमची इमारत आहे एवढं समजतं, पण बाल्कनीत उभी आहे ती तू की वाळत घातलेली चादर, ते सांगता येत नाही. लेन्सच्या कडेवर शेवटी आडवा झोपलेला आठ असतो, म्हणजे तिथपासून क्षितिजापर्यंत सगळं. ती आठापाशी नेऊन टेकवली तरी कॅमेरा झाडाच्या पुढे एक पाऊल टाकत नाही.

अंतर कमी केलं तर जमेल असं मला वाटलं. कठड्यावर पोट टेकवून मी कॅमेऱ्यासकट जेवढं पुढे झुकता येतं तेवढं झुकलो आणि बायकोने मागून माझा पट्टा धरला. खाली एक स्कूटरवाला थांबला, मग त्याला बघून दोघं थांबले, एक बाई हात जोडून मला आत जा म्हणून सांगायला लागल्या. मी वरून म्हटलं, पक्षी बघतोय. त्यांनी झाडाकडे बघितलं, मग माझा कॅमेरा झाडावरून कुठे चालला आहे ते बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. लाजून एकदम मागे आलो, तीच ही कंबर.

शाळेत चित्रकलेच्या सरांना विचारलं तर त्यांनी खडूने फळ्यावर आकृती काढली. लेन्स बनते तेव्हाच ठरलेलं असतं की तिच्यात आणि मागच्या फिल्ममध्ये किती अंतर असायचं. तिच्या मूळ बॉडीत ते बरोबर जमतं. तुमच्या या बॉडीत कड्यामुळे ती केसभर लांब बसली आहे, केसभरच, आणि तेवढ्याने जवळचं सगळं दिसतं पण दूरचं हातातून जातं. बिनआरशाची बॉडी पातळ असते, कडं घालून ते अंतर नेमकं भरता येतं, म्हणून दुकानदार ती घ्या म्हणत होता. मी म्हटलं, म्हणजे केसभर अंतराने रस्त्यापलीकडचं दिसेनासं होतं? सर म्हणाले, होतं. आणि आकृती पुसून त्यांनी त्याच फळ्यावर फुलदाणी काढायला घेतली, कारण सहावीचा तास होता.

हे समजल्यावर मी आनंदाने घरी आलो. आईला म्हटलं, दोष तुझा नाही, माझाही नाही, केसभर अंतराचा आहे. शनिवारपर्यंत बदलून मिळेल. पण पक्ष्यांसाठी बदलायची काही गरज नाही, पक्षी झाडापर्यंतच येतात. संध्याकाळ होती, आई बाल्कनीतल्या स्टुलावर कॅमेरा मांडीत घेऊन बसली होती. तुझ्या वाटणीचं नाही, तिच्या वाटणीचं स्टूल. माझ्याकडे न बघता ती बोलली.

"पक्ष्यांचं मला काय करायचंय. तिच्या कुंड्यांना पाणी घातलंय की नाही, तेवढं दिसेना मेलं."

मग तीच पुढे सांगत गेली, थांबून थांबून, रेलिंगच्या जाळीशी बोलल्यासारखी. की कुंड्या सुकलेल्या असतील तर समोरची अंथरुणाला खिळली आहे. आणि ओल्या असतील तर ती वाकून पाणी घालत्येय, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाकायचं नसतं, आणि लहानपणापासून वाकली की तिला भोवळ येते, आणि लेक इतक्या लांब, घरात सांगणारं कोण आहे. म्हणजे मावशी, कुंड्या ओल्या दिसल्या असत्या तरी ती रडली असती आणि सुक्या दिसल्या असत्या तरी रडली असती. असा कॅमेरा जगात कुठलंही दुकान विकत नाही.

मला फार वाईट वाटलं. आईबद्दल वाटलं, तुझ्याबद्दल वाटलं, आणि मी इतके दिवस मन लावून पक्ष्यांच्या पापण्या काढत होतो त्याबद्दल तर विचारूच नकोस. बायकोकडे बघितलं. ती दारात उभी होती, डोळे पुसत होती आणि मला अखेर समजलं याचं समाधानही तिच्या तोंडावर दिसत होतं. दोन्ही एका वेळी कसं दिसू शकतं हे मला माहीत नाही.

असो. इकडे बाकी सगळं ठीक. मुलं अभ्यास करतात असं ती म्हणतात. तुझ्या डोळ्याला जप, औषधाचे थेंब वेळेवर घाल, आणि लांबचे नमस्कार कितपत पोचतात याची मला आता शंका यायला लागली आहे, तरी पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
कंबर धरलेला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या कपाटात आजोबांची ती बॉडी आहे, ती तेवढी लाँड्रीवाल्याच्या गाठोड्यातून पाठवशील का? तिच्यात या लेन्स जशा बसायला हव्यात तशा बसतात. तिच्यातून लांबचं दिसेल. डिजिटल नाही, रोल मिळणार नाही, पण नुसतं बघायला रोल लागत नाही. तुला नको असेल तर आईला सांगणार नाही कुठून आली, दुकानातून आली म्हणेन. (ती ओळखेल. तरी म्हणेन.)

ता. क. २. वरचं रद्द समज. बॉडी पाठवू नकोस. बायकोने वाचलं आणि माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं. तिचं म्हणणं, एकदा का आईला इथूनच तू नीट दिसायला लागलीस की झालं, मग ही रोज इकडून बघणार, तू तिकडून बघणार, आणि दोघींना तेवढ्यावर समाधान मिळून उरलेला जन्म बाल्कनीत जाईल. बरोबर आहे तिचं. तेव्हा खरं मागणं हे : रविवारी संध्याकाळी झाडाखालच्या बाकावर येऊन बस. आमच्या घरी येऊ नकोस, म्हणजे तुझा मान राहील. आई तुझ्याकडे येणार नाही, म्हणजे तिचा राहील. बाक नगरपालिकेचा आहे. आणि बाकापर्यंत आमच्या कॅमेऱ्यातून सगळं स्पष्ट दिसतं. ती आधी वरून बघेल, मग खाली येईलच, मी तिला धरून आणतो. शनिवारी कॅमेरा बदलायला मी जात नाही, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही. कळू देऊ नकोस.

ता. क. ३. घोटाळा झाला आहे. (हे मधल्या उरलेल्या जागेत कोंबून लिहितोय.) अभ्रा शोधायला आत गेलो होतो, पत्र टेबलावर होतं, आणि आईचा वाचायचा चष्मा आता पत्रावर पडलेला आहे. ती स्वयंपाकघरात आहे आणि काहीही झालं नसल्यासारखी भांडी लावत्येय. दुसरा कागद घेऊन पुन्हा लिहिणार होतो, पण खालच्या ओळी बघितल्या आणि हाच पाठवायचं ठरवलं. त्या माझ्या नाहीत, अक्षरावरून तुला समजेल.

बेबी, याचं काही मनावर घेऊ नकोस, याला पक्ष्यांतलं काही कळत नाही. कुंड्यांना वाकून पाणी घालायचं नाही. रविवारी ऊन उतरल्यावर ये, काळा चष्मा लावून ये, जिना कठडा धरून उतर. बॉडी घेऊन ये. लेन्स मी आणते.